आजाऱ्यांचं तेल

बिशपसाहेब वर्षातून एकदा आशीर्वाद देऊन पाठवायचे ते आजाऱ्यांचं तेल संपलं, तेव्हा फादरनी सरळ स्वयंपाकघर गाठलं. कांदा तळून उरलेलं तेल स्वयंपाकाच्या बाईंनी बरणीत गाळून ठेवलं होतं, त्यातलंच त्यांनी चांदीच्या डबीत ओतलं. चोवीस वर्षं मरणाऱ्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढून त्यांचा विश्वास पार झिजला होता. प्रार्थना तोंडपाठ होती, पण ऐकणारं कुणी आहे असं वाटत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं पुटपुटत त्यांनी झाकण लावलं.

त्या दुपारी दवाखान्यात त्यांनी शिंप्याच्या कपाळावर क्रूस काढला. डॉक्टरांनी हात टेकले होते. पण चौथ्या दिवशी शिंपी दुकानात मशीनवर बसलेला दिसला! मग बेकरीवाल्याची सून उठली, मग शाळेचा म्हातारा शिपाई. तिघंही ठणठणीत झाले, तक्रार मात्र तिघांची एकच होती.

"फादर, कपाळावरचं तेल वाळतच नाही," शिंपी म्हणाला. "पुसलं की पुन्हा येतं. गिऱ्हाइकांच्या कापडावर डाग पडतात हो."

फादरनी बोट लावून पाहिलं. कपाळ ओलं होतं आणि बोटाला कांद्याचा वास आला.

त्या दिवशी ते वेदीपुढे गुडघे टेकून ढसाढसा रडले. कुणीतरी ऐकत होतं! आनंद त्यांच्या पोटात मावेना. दुसऱ्या दिवशी संगीतशिक्षिकेच्या उशाशी बसून त्यांनी अगदी काळीज ओतून तिचा जीव मागितला. डबीचं झाकण लावायच्या आत ती गेली. कपाळ कोरडं ठाक होतं.

मग गवंडी गेला. मग जुळ्यांतली धाकटी, सहा वर्षांची.

तेल तेच होतं, डबी तीच होती. बदललं होतं ते एकच, आणि ते काय हे फादरना पक्कं ठाऊक होतं.

अशात ताईचा फोन आला. "आईचं काही खरं नाही रे. डबी घेऊनच ये म्हणतेय."

बसमध्ये तासभर ते स्वतःला बजावत राहिले, वर कुणी नाही, कुणीही नाही. पण विश्वास म्हणजे काय कोट आहे, नको तेव्हा खुंटीला टांगायला? "देवा, माझा विश्वास काढून घे," त्यांच्या तोंडून निघून गेलं. आपण कुणाला विनवतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

आई उशांना टेकून वाटच बघत होती.

"आई, आज नको. उद्या करू."

"उद्या कुणी पाहिलाय? काढ ती डबी."

त्यांनी अंगठा बुडवला. मनात पाढे म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार.

क्रूस काढला. तेल दिसेना.

पुन्हा काढला. पुन्हा.

कपाळ कोरडंच.

आईने त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"बसला तुझा विश्वास," ती म्हणाली. "चोवीस वर्षं रोज मागत होते. माझं काहीही ने, पण माझ्या लेकाला एवढं दे म्हणून."

तिने समाधानाने डोळे मिटले.

ताईने हंबरडा फोडला. फादरनी घाम पुसायला कपाळावरून हात फिरवला.

पुसलं तरी कपाळ पुन्हा ओलं होत होतं. बोटं तेलकट झाली. त्यांना कांद्याचा वास होता.