वाढ पन्नासच टक्के

प्रेमापुढे साम्राज्यं झुकतात. आमच्या गोष्टीत मात्र एक टेबल झुकलं, कारण त्याचा एक पाय आखूड होता.

बादल्यांच्या कारखान्याचा इंग्रजी वार्षिक अहवाल लिहायला नवा माणूस आला होता. त्याने टेबलावर कोपर टेकलं आणि चहा थेट समोरच्या मुलीच्या कागदांवर गेला. ती मजकूर तपासायची. पानावर तिची सही असल्याशिवाय छपाईचं मशीन चालू करायचं नाही, असा तिथला नियम.

"सॉरी, मी—"

"चहाचं जाऊ द्या. हे वाक्य तुमचं?"

वाक्य होतं : 'देअर हॅज बीन अ‍ॅन अपवर्ड इन्क्रीज इन द ग्रोथ ऑफ सेल्स बाय फिफ्टी पर्सेंट.'

"इन्क्रीज कधी खाली जातो का हो?"

"नाही... पण वाक्य जरा भरल्यासारखं वाटतं."

"बादली भरा. वाक्य नको."

पेन्सिल फिरली. उरलं : 'सेल्स रोझ फिफ्टी पर्सेंट.' तो त्या वाक्याकडे बघत राहिला... मग पेन्सिलीकडे... मग ती धरलेल्या बोटांकडे.

तेव्हापासून तो मुद्दाम लांबलचक लिहू लागला. खोडायला ती जास्त वेळ थांबायची ना!

छपाईच्या दिवशी मालक आले. मालक म्हणजे तिचा सख्खा मामा.

"दोन लाख बादल्यांच्या तीन लाख झाल्या ना? मग दीडशे टक्के वाढ लिहा. कसं भरदार दिसतं!"

"मामा, विक्री दीडपट झाली. वाढ पन्नासच टक्के."

"इथे मामा नाही, मालक!"

"मग मालक, मी सही करणार नाही."

"नोकरी मी लावलीय तुला! सही कर, नाहीतर उद्यापासून घरी बस."

तिने पेन्सिल पर्समध्ये टाकली. मालक त्याच्याकडे वळले. "तुम्ही लिहा हो."

"त्या सही करतील तेच लिहीन. नाहीतर मीही घरी बसतो. घर आहे मला."

छपाईवाला दारातच अडून उभा. सहीचा नियम खुद्द मामांनीच केलेला!

"पन्नास तर पन्नास! छापा!" मामा पाय आपटत गेले, छपाईवाला मशीन तयार करायला गेला.

दोघंच उरली.

"मला तुमच्याबद्दल वाटणाऱ्या भावनांमध्ये अलीकडे उत्तरोत्तर वाढत जाणारी अशी जी एक वाढ—"

"थोडक्यात..."

"आवडतेस."

तिने पेन्सिल काढलीच नाही. पेन घेतलं, पान पुढे ओढलं.

"मंजूर," ती म्हणाली. "मलाही... आता तेवढं टेबल धर, सही वाकडी येतेय."