कुठलं मशीन?

धाकट्या बहिणीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी अडतीस वर्षांची होते. दारात शिलाई मशीन टाकून कपडे शिवायचे आणि बाबांना सांभाळायचे.

एका सकाळी शेजारच्या गच्चीवरून एक मोजपट्टी थेट माझ्या धुण्याच्या बादलीत पडली. वर बघितलं, तर एक माणूस कान धरून उभा.

"धुऊनच द्या आता... मळलीच होती!"

"फुकट नाही धूत मी!"

तो सोलरवाला, शेजारच्या गच्चीवर पॅनेल बसवायला आलेला. पट्टी घ्यायला आला आणि बाबांशी गप्पा मारत अंगणातच रेंगाळला. बाबांची फुप्फुसं अधू. दिवसातून चार तास त्यांना श्वासाचं मशीन लावावं लागे. वीज गेली की मी त्यांच्या उशाशी बसून श्वास मोजायचे.

"आमच्याकडेही बसवाल?" मी विचारलं.

"काय काय चालवायचंय?"

"दोन दिवे, एक पंखा... आणि मशीन. चार तास. बाकी काही नाही चाललं तरी चालेल, पण मशीन चाललंच पाहिजे."

त्याने दाराकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. "वाचून बघा, काही राहिलंय का."

मी कागद धरला, त्यावरून नजर फिरवली. "बरोबर आहे."

आठ दिवसांत पॅनेल बसली, बॅटरी आली. भर दुपारी त्याने मेन स्विच बंद केला. दिवे लागले, पंखा फिरला. मी हसतच आतल्या खोलीत जाऊन बाबांचं मशीन लावलं, आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. बाबांना धाप लागली. तो धावला, मेन चालू केला.

"हे कुठलं मशीन?"

"मशीन म्हणजे मशीन! कागदावर लिहिलं नव्हतंत?"

"शिलाईचं लिहिलं होतं. मला वाटलं, मोटर बसवणार असाल. तुम्ही वाचलंत ना?"

मी पदराचं टोक पिळत राहिले. "मला... वाचता येत नाही."

तो हसला नाही. "चूक माझी. कुठलं मशीन, एवढं विचारायचं राहिलं."

मग जमिनीवर बसून त्याने मला सगळं समजावलं. मशीन साडेतीनशे वॅटचं, चार तास चालणार, म्हणजे चौदाशे वॅट-तास. बॅटरी निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. म्हणून दोन मोठ्या बॅटऱ्या, इन्व्हर्टरही मोठा, पॅनेलही जास्त.

"खर्च झेपायला पंखा काढू?" मी म्हणाले.

"काढू. तुम्हाला वारा घालायला मी येईन."

आतून बाबा ओरडले, "मिस्त्री, आधी काम!"

काम झालं, तरी तो येत राहिला. बॅटरीतलं पाणी बघायचं निमित्त. जाताना पाटीवर दोन अक्षरं काढून द्यायचा. माझा 'श' कोळ्यासारखा दिसतो म्हणून चिडवायचा. मी त्याच्या हातातला खडू ओढून घ्यायचे... आणि हात तिथेच राहायचा.

सहा महिन्यांनी म्हणाला, "आता यादी तुम्ही लिहा. घरात काय काय हवंय."

मी लिहिलं. दिवा. मशीन. मग थांबले. कान तापले. खाली लिहिलं... तुम्हि.

त्याने बराच वेळ वाचलं. वेलांटी दुरुस्त केली. समोर तासांचा आकडा लिहायची नेहमीची रेघ ओढली आणि हळूच विचारलं, "किती तास?"

"चोवीस," मी लिहिलं.

बाबा त्यानंतर सात वर्षं जगले. विजेवाचून त्यांचा श्वास एकदाही अडला नाही. एवढं सुख मी मागितलंही नसतं, ते मिळालं. बाबा गेले ते माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, जूनमध्ये. आणि हे गेले गेल्या वर्षी, अठरा फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजता.