गेल्या वर्षीचा अहवाल

साबण कंपनीच्या बाहेरच्या खोलीत एकच सोफा होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एकजण माझ्यासारखाच वार्षिक अहवाल घेऊन बसला होता. तेच हिरवं कव्हर. माझ्या अहवालातून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या, त्याच्या कानावर पेन्सिल होती.

"तुम्हीपण खोकेवाल्या?" त्याने विचारलं.

"हो. तुम्हीही?"

"तुमच्यानंतर माझा नंबर."

"म्हणजे शत्रूच की."

"निकाल लागेपर्यंत..." तो हसला. "तोवर बोलायला हरकत नाही ना?"

हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच मिटत होता. हे मी उगाचच टिपून घेतलं.

दोघंही पुठ्ठ्याचे खोके विकायला आलो होतो आणि ऑर्डर एकालाच मिळणार होती. माझी ही एकटीची पहिली भेट. जमलं तर बाहेरची कामं माझी, नाहीतर परत फोन उचलायच्या टेबलावर, असं आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं. चार दिवस जेवतानाही तो अहवाल माझ्या ताटाशेजारी होता. ताई म्हणाली, दहावीला एवढं वाचलं असतंस तर आईबाबा हरखून गेले असते.

"सांगा बघू," मी भाव खात म्हटलं, "यांचा सगळ्यात जास्त खप कशाचा?"

"द्रव साबणाचा."

"चूक. वड्यांचा. पान बावन्न."

तो वाकून बघायला लागला आणि मला उगाचच श्वास रोखून बसावंसं वाटलं. मग त्याचं हसू मावळलं.

"हा... गेल्या वर्षीचा आहे. यांचं कव्हर दरवर्षी सारखंच असतं. वड्यांचा कारखाना विकला हो त्यांनी. आता नुसत्या बाटल्या."

सगळी तयारी वड्यांच्या खोक्यांची होती, आणि नेमकं तेव्हाच आतून बोलावणं आलं. तो गप्प बसला असता तर ऑर्डर त्याच्या खिशात होती. पण त्याने आपला अहवाल माझ्या हातात कोंबला.

"पान चौदा. पटकन वाचा."

दाराशी पोचता पोचता मी ते पान उघडलं. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, बाटल्यांसाठी जाड पुठ्ठा. आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेला, तो आज सांगणार असलेला दर.

मी मागे वळून पाहिलं. तो सोफ्यावरून उठला होता, चेहरा पांढराफटक. त्याच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. दर कमी करायची मुभा मला होती. त्याच्यापेक्षा जरासा खालचा आकडा सांगितला की काम फत्ते.

आत खरेदी बघणाऱ्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी अहवाल मिटला.

"मी तुमचा गेल्या वर्षीचा अहवाल वाचून आलेय," मी म्हटलं. "बाटल्यांच्या खोक्यांचा दर मला आज सांगता येणार नाही."

त्या खळखळून हसल्या. "लोक नुसते फोटो बघून येतात. तुम्ही निदान वाचलात तरी. ही ऑर्डर गेली तुमची, पण पुढच्या महिन्यात शाम्पूचं काम निघतंय. तेव्हा या. तुमच्या बाईंना मी फोन करते."

बाहेर येऊन मी त्याचा अहवाल त्याला दिला. "मी काही सांगितलं नाही. जा."

तो आत गेला. मी खरं तर निघायला हवं होतं. निघाले नाही. दाराच्या काचेत दोनदा केस मात्र सारखे केले.

वीस मिनिटांनी तो बाहेर आला. "मिळाली," तो म्हणाला, चोरी केल्यासारखा. "दर बघितलात ना तुम्ही?"

"बघितला."

"मग... का?"

"ऑर्डर मिळाली असती हो. पण मग तुम्ही माझं तोंडही बघितलं नसतं." माझे कान तापले, पण आता माघार नव्हती. "आणि तुम्ही मला आवडलात. काय करू?"

त्याने कानावरची पेन्सिल काढली, परत लावली.

"मी आत तीनदा भलतंच पान उघडलं," तो शेवटी म्हणाला. "सगळं लक्ष इथे. तुम्ही गेलात की काय, एवढंच डोक्यात."

त्याने हात पुढे केला. अभिनंदन करायचं म्हणून मी तो धरला, आणि चार मजले उतरून रस्त्यावर येईपर्यंत काही सोडला नाही.