उलट्या पिळाची दोरी

गोदनी म्हणायला नदी. शेताशेतांतलं पाणी गोळा करते आणि आमच्या शिवेवरच्या पाणथळात जाऊन झोपते. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, आम्ही होतो तिथंच राहिलो, त्याच कार्तिकातली ही गोष्ट. मी बैलाच्या दाव्यासाठी अंबाडीचा वाख, म्हणजे दोर वळायचे धागे, आणायला निघालो होतो.

वाख मनकर्णाबाईचा. तिचा नवरा नत्थू श्रावणात पुरात वाहून गेला. पाणथळ तुडवून काढलं, पण तो मिळाला नाही. भाऊबंद म्हणत, बांगड्या फोड. ती म्हणे, "आधी मानूस दाखवा."

ती काठावरच भेटली.

"बंडूजी भाऊ, अंबाडीच्या पेंढ्या म्या पान्यात दगडाखाली दाबल्या. रोज सकाळी येतो त वाख सोलून, धुऊन ठेवलेला! आमचा मानूस जित्ता हाये."

"एखादी हडळ रोजीनं लागली असन," मी टर उडवली.

"आज थांबा न, भाऊ. लोकं तुमच्या थापा आयकतात, खरं बी आयकतीन."

थांबलो. दिवस बुडाला. कुजल्या अंबाडीचा वास घशात बसला. मग लव्हाळ्यापलीकडून आवाज आला... चपाक... चपाक... ओला वाख पाण्यावर आपटल्याचा.

मनकर्णाबाई कंबरभर पाण्यात उतरली.

"अवो... घरी चाला न... भाकर झाकून ठेवली हाये..."

आवाज थांबला. वारा नव्हता, तरी लव्हाळं हललं. दोरीचं एक वेटोळं प्रवाहाच्या उलट तरंगत आलं आणि तिच्या पोटाशी टेकलं.

"पाहा, भाऊ! दोर बी वळला!" हसत तिनं अंगठ्यानं पीळ चाचपला. आणि हसू तिथंच विझलं.

आमच्या गावात बैलाच्या दोराला सुलटा पीळ देतात. उलटा देतात तो फक्त तिरडीच्या दोरीला.

"सोताच वळली का वो..." ती एवढंच म्हणाली. काठावर आली आणि दगडावर दोन्ही हात आपटले.

दुसऱ्या दिवशी देहाच्या जागी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याच दोरीनं तिरडीवर बांधला. पानं वाळकी, मीच वेचलेली. एका हातानं उचलीन, म्हणालो होतो. चौघं लागलो, तरी वाटेत दोनदा टेकवावी लागली. माझ्या खांद्यावरून थंडगार पाणी ओघळत होतं...

मी मागं वळून पाहिलं. मनकर्णाबाई खाली मान घालून येत होती, वाटेवरच्या ओल्या ठिपक्यांवर पाय पडू न देता.