व्हा पुढं, मी येतो

लाइट बाराला येणार. तोवर पाण्याची मोटार चालू होत नाही, आणि मोटार चालू झाल्याशिवाय मला झोपता येत नाही. तेव्हा हुरडा खा आणि आगटीजवळ सरका. तो मोबाइल खिशात घाल रे श्रीनिधी, त्याच्या उजेडात तुझंच तोंड बघवत नाही. प्राची मघापासून भुताची गोष्ट मागतेय. भूत मी काही पाहिलेलं नाही. सगळी नोकरी पोरांना ‘भूत नसतं’ असं शिकवण्यात गेली, आणि शिकवताना मला ते पटतही होतं. पण तुमच्या अंबिकाआजीचं काय झालं ते तुम्हाला पुण्यात अर्धंच कळलंय. ती हार्टनं गेली, एवढंच ना? बाकीचं सांगतो. जसं माझ्या दाजींनी मला सांगितलं तसं. मीठमसाला माझ्याकडचा नाही.

दाजी म्हणजे गोविंदराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मानवतला राहतात, कॉलेजात क्लार्क होते. साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शौक एकच, ती जुनी फियाट. डुक्कर फियाट म्हणायचे तिला, तोंडच तसं होतं. पुढची दारं उलट्या बाजूनं उघडायची. डाव्या दिव्याला एकदा म्हशीनं धडक दिली, तेव्हापासून तो झाडांचे शेंडे दाखवायचा. उजवा मन झालं तर लागायचा. रात्री दाजींची गाडी येताना आम्हाला आधी लिंबाचा शेंडा उजळलेला दिसायचा, मग गाडी.

आणि तिचं तेल गळायचं. अक्कानं, म्हणजे तुमच्या अंबिकाआजीनं, त्यावर उपाय काढला होता. तिच्या लग्नात मामानं पितळेचं ताट दिलेलं, काठावर नाव कोरून, ‘सौ. अंबिका हिस मामाकडून’. ते ताट ती इंजिनाखाली सरकवायची. झरीला माहेरी यायची तेव्हा ताट सोबत असायचंच. हा समोर फाटकाजवळ लिंब दिसतो ना, तिथं गाडी लागायची. अक्का उतरली की कुणाशी बोलायच्या आधी खाली वाकून ताट ठेवायची. “माझ्या बापाच्या अंगणात डाग पडायचा न्हाई,” म्हणायची. दाजी म्हणायचे, “चांगलं ताट वाया घालवलं.” ती म्हणायची, “तुमच्या गाडीपरीस जास्त टिकंल.”

पुढं अक्काला विसरायचा आजार झाला. लेकीचं नाव विसरली. जेवलेलं विसरली. गाडी मात्र विसरली नाही. संध्याकाळ झाली की पिशवी भरायची आणि पुढच्या सीटवर जाऊन बसायची. “चला, झरीला.” दाजी तिला घेऊन गावाबाहेर एक चक्कर मारायचे आणि घरी आणायचे. उतरताना ती समाधानानं म्हणायची, “बरं झालं, भेट झाली समद्यांची.” मग जेवायची, मग झोपायची. त्या चकरेवर त्या घराचा दिवस चालायचा. औषधानं झालं नाही ते त्या खटाऱ्यानं केलं, हे डॉक्टरही म्हणाले.

अशी गाडी चोरीला गेली.

गणपतीच्या दिवसांत दोन पोरं आली. लग्नाआधीचे फोटो काढायला जुनी गाडी पाहिजे म्हणाली. दाजींच्या गाडीचं कुणी कौतुक केलं की झालं, माणूस विरघळला. चोक किती ओढायचा, पेट्रोलचा लपवलेला नळ सीटखाली कुठं आहे, सगळं त्यांनी हौसेनं दाखवलं. चार दिवसांनी सकाळी उठून बघतात तर पोर्चमध्ये नुसतं ताट.

पोलिसांत तक्रार दिली. पंपांवरचे कॅमेरे बघून झाले. फोटो गॅरेज-गॅरेजला फिरला. नांदेड, जालना, जिथं भंगार विकलं जातं तिथं तिथं दाजी स्वतः जाऊन आले. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या कुणाचा तरी हैदराबादहून फोन यायचा, अशीच एक दिसली म्हणून. की दाजी निघाले रात्रीच्या रेल्वेनं. जाऊन बघावं तर ती दुसरीच निघायची. पोलीस तरी किती धावतील? कुणी वाईट वागलं असं नाही, पण गाडी कुठं नव्हती.

आणि अक्का रोज संध्याकाळी पिशवी घेऊन पायरीवर. “गाडी?”

“गॅरेजला हाय. येईल उद्या.”

रोज हेच. ताट कुणी उचलायला गेलं की ओरडायची. “गाडी आल्यावर काय ठिवू खाली?” हळूहळू तिचं खाणं सुटलं. मी भेटायला गेलो तेव्हा माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “तुमी झरीचे का हो? माझ्या भावाला वळखता का?” ओळखतो म्हणालो. बाहेर येऊन खूप रडलो, त्यात काय लपवायचं.

आता ती रात्र. परवाची नाही, दोन वर्षांमागची भोगी. रविवार होता. दुपारी परभणीहून पोलिसांचा फोन आला, गाडी सापडली, ओळख पटवायला या. दाजी नाचायचेच बाकी राहिले. अक्काला म्हणाले, “सापडली बघ. घिऊन येतो. उद्या संक्रांत करायला झरीला जाऊ.” त्या दिवशी अक्कानं कितीतरी दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली, भोगीची भाजी मागून घेतली. दाजींनी पेट्रोलचा कॅन घेतला, चाकाखाली ठेवायला लिंबू घेतलं, झेंडूचा हार घेतला आणि एसटीनं निघाले.

पोलिसांनी त्यांना गावाबाहेरच्या एका भंगाराच्या गोदामात नेलं. गाडी सापडली होती. पण तिची गाडी राहिली नव्हती. टप एकीकडे. एक दार. सीटच्या स्प्रिंगा. नंबर असलेला पत्रा कापून वेगळा ठेवलेला. कापलेल्या कडा गंजल्या होत्या, म्हणजे कापून महिने झाले होते. तो फौजदार तरुण होता, त्यालाच कसंतरी झालं. “काका, हीच का?” त्यानं विचारलं. दाजी हार हातात घेऊन उभे. मग तो हार त्यांनी त्या दाराच्या कडीला घातला आणि म्हणाले, “हीच.”

पंचनाम्यात रात्र झाली. शेवटची एसटी गेलेली. फौजदार म्हणाला, इथंच थांबा. दाजी थांबले नाहीत. घरी अक्का पायरीवर बसली असणार. एका पिकअपवाल्यानं त्यांना पेडगाव फाट्यापर्यंत आणून सोडलं. तिथं एकही दुकान उघडं नाही. मोबाइल बंद पडलेला. थंडी अशी की काखेत हात घालून उभं राहावं. धुकं. वाहनं जायची, हात केला तरी थांबायची नाहीत. आणि खरं सांगू? दाजी म्हणाले, “योगीराज, एखादी थांबली असती तरी मी बसलो असतो का, देव जाणे. घरी जाऊन तिला सांगायचं काय?”

बाराच्या पुढची वेळ. वाहनं यायचीही बंद झाली.

मग परभणीच्या बाजूनं एक उजेड आला.

रस्त्यावर नाही. झाडांच्या शेंड्यांवर.

एक बाभूळ उजळली. विझली. मग पुढची. मग त्याच्या पुढची... खाली रस्ता काळाच.

दाजींनी आवाज ओळखला. स्वतःच्या लेकराचा खोकला ओळखू येतो, तसा.

गाडी आली. हळू. त्यांच्यासमोर थांबली. इंजिन चालू. दार उघडलं... उलट्या बाजूनं. कडीला झेंडूचा हार.

आत अंधार. कोण आहे दिसेना. कुणी बोलेना. पेट्रोलचा वास, आणि अक्काच्या डोक्याच्या तेलाचा.

दार तसंच उघडं. वाट बघत.

आता मला सांगा, आपल्याकडं कुणी गाडी थांबवली आणि आपल्याला बसायचं नसलं, तर आपण काय म्हणतो? नको म्हणतो का? नाही म्हणत. वाईट दिसतं. जन्माची सवय कुठं जाते? दाजी म्हणाले,

“तुमी... व्हा पुढं. मी येतो.”

दार लागलं. लगेच. सांगितलेलं कळल्यासारखं.

गाडी पुढं झाली. मानवतच्या रस्त्याला लागली. बाभळी एकेक करून उजळत गेल्या... आणि तेव्हा दाजींच्या लक्षात आलं आपण काय बोललो. पुढं म्हणजे कुठं? पुढं घर. घरी कोण?

दाजी पळाले. त्या वयात, त्या थंडीत. पडले, गुडघा फुटला. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. ड्रायव्हर सुगत नावाचा पोरगा, त्यानं थांबवून वर घेतलं. पण ऊस भरलेला ट्रॅक्टर तो, बैलगाडी परवडली. दाजींनी त्याचा फोन मागितला. अक्काच्या फोनचा नंबर तेवढा त्यांना पाठ होता. तो फोन असायचा श्रद्धाकडं, त्यांच्या लेकीकडं.

“श्रद्धा, फाटकाला कुलूप हाय का?”

“हाय बाबा. कामून? कुठं हाव तुमी?”

“आई?”

“झोपली... थांबा. उठून बसलीय. पिशवी कुठंय म्हणायलीय.”

“तिला धर. सोडू नको तिला.”

“बाबा, गुलमोहरावर उजेड कशाचा पडायलाय?”

मग काही नाही. फोन चालू होता. श्वास ऐकू येत होता... चप्पल ओढत गेल्याचा आवाज. अक्काची चाल. मग तेही नाही.

“हॅलो,” दाजी म्हणाले. म्हणत राहिले. फोन कट झाला. परत लावला, लागेना. सुगत म्हणाला, “काका, ह्याच्याहून जोरात पळत न्हाई हे.” दाजींना खाली उडी मारता येईना, ट्रॅक्टर ढकलता येईना. दोन्ही हातांनी लोखंड धरून बसले.

मानवत रोड स्टेशन यायच्या अलीकडं समोरून उजेड आला.

झाडांच्या शेंड्यांवर.

सुगतनं डिपर मारला. म्हणाला, “कसा चालवायलाय बघा. एक तर एकच लाइट, तीबी आभाळात.”

म्हणजे त्यालाही दिसत होतं.

गाडी जवळ आली. शेजारून गेली. पुढच्या सीटवर, डावीकडं... डोक्यावर पदर. मांडीवर पिशवी. समोर बघत होती. माहेरी जाताना बघायची तशी.

दाजी ओरडले. ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं नाही. मागं वळून बघितलं. परभणीच्या बाजूला बाभळी उजळत होत्या. विझत होत्या.

घरी पोचले तेव्हा फाटकाला कुलूप तसंच. आत दिवे लागलेले. अक्का पायरीवर बसलेली, खांबाला डोकं टेकून. हिरवं लुगडं नेसून. मांडीवर पिशवी. श्रद्धा म्हणाली, उजेड बघायला खिडकीशी गेले, फोन हातातून पडला, वळले तर आई इथं. तेवढ्यात गेलेली. डॉक्टर आले. हार्ट म्हणाले. असेल.

मला श्रद्धाचा फोन पहाटे आला. तुमची आजी कमलबाई रडत उठली, मी मोटारसायकल काढायला बाहेर आलो. फाटकाला आतून कडी, रात्री मीच लावलेली. लिंबाखाली काहीतरी चमकत होतं. मी गेलो.

ताट होतं.

वाकून काठ बघितला. ‘सौ. अंबिका हिस मामाकडून.’ मानवत इथून पन्नास किलोमीटरच्या वर. ताट काळ्या तेलानं काठोकाठ भरलेलं. दात वाजत होते एवढी थंडी. बोट लावून बघितलं... ऊन होतं.

दिवसकार्य झाल्यावर दाजी झरीला आले. मी त्यांना लिंबाखाली नेलं. ते ताटापाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, “पोचली म्हणायची.” मग त्यांनी त्या रात्रीचं सगळं मला सांगितलं, तेव्हा कुठं मला ते ताट कळलं. मी ते उचलायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“तेल सांडून घासून काढा. पण ताट ऱ्हाऊ द्या तिथंच. मी येतो म्हणलोय.”

तेव्हापासून ते तिथं आहे. नाही, उठू नका. बॅटरी मारू नकोस प्राची, दिवसा बघ. कोरडंच असतं. मी रोज सकाळी उठलो की आधी ताट बघतो, मग दाजींना फोन लावतो.