लाभ, दोन, तीन, चार

खरं की खोटं, ते तुम्ही ठरवा. मला आता वाद घालायचा कंटाळा आला आहे.

माझ्याकडे त्या दिवसाच्या फायली आहेत. प्रत्येकीवर मिनिटासकट वेळ आहे.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मागच्या वर्षी पोळा होऊन नऊ दिवस झाले होते आणि दुपारचे पावणेबारा वाजले होते. वाशिम जिल्ह्यात, शेलूबाजारहून जीपनं अर्ध्या तासावर, अडाण नदीचा काठ. गावाचं नाव सांगत नाही. काकू अजून तिथंच राहतात.

मी ज्योत्स्ना. नदीतून किती पाणी वाहतंय ते मोजायचं माझं काम.

एका छोट्या पिवळ्या होडीखाली डब्याएवढं यंत्र असतं. ते पाण्यात आवाज सोडतं. आपल्याला ऐकू येत नाही असा. पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाच्या कणांवर आपटून तो परत येतो आणि त्यावरून पाण्याचा वेग कळतो. पाणी अगदी नितळ असलं तर यंत्राला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

हे मी शालिग्रामकाकांना पहिल्या दिवशी समजावलं, तेव्हा ते म्हणाले,

"म्हंजे जे वाहून चाललं, त्याचंच आयकते हे."

"हो काका, तसंच समजा."

काका पासष्टीचे. पलीकडच्या काठाला लागूनच त्यांचं शेत. घरात ते आणि कस्तुराकाकू, दोघंच. मूलबाळ नाही. दोन्ही काठांवर कप्पी बसवून आम्ही दोरी फिरवली होती. काका पलीकडून दोरी ओढायचे, होडी त्यांच्याकडे जायची. उलटी ओढली की माझ्याकडे परत. ही एक फेरी. मोजणीला अशा चार फेऱ्या लागतात.

फेरी सुरू करताना काका मोठ्यानं आकडा सांगायचे. होडी पलीकडे टेकली की ती काठापासून किती लांब थांबली तेही सांगायचे. ते अंतर मी लॅपटॉपमध्ये भरायची. नदी तिथं चाळीस मीटर रुंद. जोरात बोललं की ऐकू येतं.

आता मुद्द्याचं.

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. तुमच्या आजोबांना विचारा. काका नदीही तशीच मोजायचे.

मी चिडवायची त्यांना. "काका, यंत्र शून्यापासून मोजते, तुमी लाभापासून. मधल्या एकानं काय घोडं मारलं तुमचं?"

ते हसायचे. एक कधी म्हणायचे नाहीत.

नोंदवहीतही त्यांनी पहिल्या ओळीला 'लाभ' लिहून ठेवलं होतं. त्या आठवड्यात नव्या साहेबांनी ती वही पाहिली आणि चारचौघांत मला झापलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. साहेबांवर काढता आला नाही, तो मी काकांवर काढला.

"काका, आजपासून एक म्हणायचं. नाहीतर मी दुसरा माणूस पाहते."

पलीकडे त्यांनी गमछा खांद्यावर टाकला, दोरीला हात घातला.

"एक," ते म्हणाले.

माझं समाधान झालं. आज लाज वाटते, पण झालं होतं.

उन्हात स्क्रीन दिसत नाही. म्हणून डोक्यावरून लॅपटॉपपर्यंत काळं कापड ओढून घेते मी. आत एकदा शिरलं की बाहेरचं फक्त ऐकू येतं. आमचा ड्रायव्हर गोपीचंद वर रस्त्यावर जीपमध्ये बसला होता. काठावर मी एकटीच.

होडी पलीकडे पोचली.

"काठ दोन मीटर." काकांचा आवाज. मी दोन भरले.

होडी परत यायला निघाली. मध्यावर आली आणि… जोराचा झटका बसला.

स्क्रीनवरची रेघ तुटली. होडी जागच्या जागी थांबली. फाइलीवर वेळ आहे, अकरा एक्कावन्न.

"काका, झटका कायले दिला? फेरी गेली न ही."

उत्तर नाही.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी कापडाखालीच होते. मान वर केली नाही. रागात होते, आणि म्हातारा रुसला असेल असं वाटलं.

साधारण दीड मिनिटानं दोरी हलली. होडी माझ्या काठाला आली. मग पलीकडून…

"लाभ."

मी कपाळाला हात लावला. फेरी वाया गेली म्हणून त्यांनी मोजणी पहिल्यापासून धरली, आणि वर माझी जिरवली. म्हटलं जाऊ दे, म्हाताऱ्याशी कोण डोकं लावणार.

होडी निघाली. असा संथ, एकसारखा वेग मी त्यांच्या हाताला कधी पाहिला नव्हता. होडी पलीकडे टेकली.

"काठ दोन मीटर."

बरोबर. परत आली.

"दोन."

होडी पलीकडे थांबली. नेहमीच्याच जागी, स्क्रीनवर पाण्याची खोलीही तीच दिसत होती. पण काका म्हणाले…

"काठ पाच मीटर."

मला वाटलं त्यांनी मापाची काठी चुकीची वाचली. मी दोनच भरले.

"तीन."

या वेळी होडी टेकल्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आवाज आला. तो जरा खालच्या बाजूनं आल्यासारखा वाटला.

"काठ… लय लांब हाय."

"काका, आकडा सांगा, आकडा. गंमत नको."

आकडा आला नाही. मी दोन भरले.

"चार."

होडी गेली. थांबली. मी वाट पाहत होते. कापडाखाली माझ्या घामाचा वास येत होता आणि कुठंतरी टिटवी ओरडत होती.

"बाई… काठ लागून नाही राह्यला."

मी दोन भरले.

होडी परत आली. बारा सत्तावीस. चारही फेऱ्यांचा हिशेब जुळला होता, फरक एक टक्काही नाही. त्या हंगामातली सगळ्यांत चांगली मोजणी. मी खूश होऊन कापड काढलं.

पलीकडे कोणी नव्हतं.

कप्पीजवळ काकांच्या चपला होत्या. डबा होता. दोरी सैल लोंबत होती. काठाच्या मातीवर घसरल्याचा एक लांब पट्टा होता, आणि तो उन्हानं वाळत आला होता.

मी हाक मारली. दोनदा, तीनदा.

तेवढ्यात वरून गोपीचंद पळत आला.

"मॅडम, बंधाऱ्यावर चला. शालिग्रामकाका सापडले."

"सापडले म्हणजे?"

तो आधीच जीपकडे वळला होता.

बंधारा एक किलोमीटर खाली. तिथं खेमा नावाचा मेंढपाळ बसला होता, त्याचे कपडे ओले. त्यानंच काकांना बाहेर ओढलं होतं. मी त्याला एकच गोष्ट विचारली. किती वाजता?

"बारा पाच. सरपंचाले फोन लावला न मी लगेच, हे पाहा." त्यानं मोबाइल दाखवला. बारा वाजून पाच मिनिटं.

त्या दिवशी पाण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटर होता. माझंच माप आहे. एक किलोमीटर जायला तेरा-चौदा मिनिटं लागतात. बारा पाचमधून चौदा वजा केले की अकरा एक्कावन्न येतात.

झटका बसला तेव्हा काका गेले होते.

पुढच्या चार फेऱ्या कोणी ओढल्या, मला माहीत नाही. बारा पाचला ते बंधाऱ्याच्या भिंतीवर आडवे होते आणि मी त्यांना म्हणत होते, गंमत नको.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. जेवते, झोपते, कामावर जाते. आतून सगळं बधिर झालं आहे.

ऑफिसात जमा आहे ती त्याच चार फेऱ्यांची मोजणी. जिवंत माणसानं ओढलेली एकच फेरी होती, ती बिघडली म्हणून मी गाळली.

तेरवीला गेले. कस्तुराकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"बाई, तुमीच होत्या शेवटी. अखेरीले काय बोलला तो?"

मी तोंड उघडलं. आणि खोटं बोलले.

"लाभ म्हणाले, काकू."

त्यांनी डोळे मिटले. "मंग ठीक हाय. मले तेवढीच भीती होती."

"कसली भीती?"

"आमच्या घरात एक नाही म्हणत, बाई. एक म्हटलं का घरात एकच राह्यते."

मी त्या घराकडं पाहिलं. आता एकच राहिलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

या वर्षी दोरीचं काम काकूंनी मागून घेतलं. साहेब नको म्हणत होते, मीही नको म्हणाले. "घरी बसून काय करू? त्याचंच काम हाय," एवढंच त्यांचं उत्तर. शेवटी कप्पी काठापासून आत घेतली, काकूंच्या कमरेला दोर बांधला आणि तो बाभळीला बांधला.

आठ दिवसांपूर्वी पहिली मोजणी झाली. मी काळं कापड आता घेत नाही. स्क्रीन नाही दिसली तर नाही दिसली. काकूंवरची नजर हलवायची नाही, असं ठरवूनच बसले होते.

त्यांनी दोरी धरली.

"लाभ," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले.

होडी पलीकडे गेली. "काठ दोन मीटर." परत निघाली. मध्यावर आली आणि…

झटका बसला. होडी थांबली.

काकूंच्या हातातली दोरी सैल होती.

मी घड्याळ पाहिलं नाही. गरज नव्हती.

मग आवाज आला. काकूंकडून नाही. मधून, होडीच्या खालून, पाण्यातून. हळू, मी सांगितलं होतं तसं मुकाट्यानं म्हटल्यासारखा…

"एक."

मला वाटलं, मलाच ऐकू आलं. पण काकूंनी मान वर केली होती. त्या आधी पाण्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे.

"बाई," त्या पलीकडून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "त्याले एक म्हणायले कोनं लावलं?"

मी नजर स्क्रीनवर वळवली. थोड्या वेळानं त्यांनी दोरी ओढली आणि होडी माझ्याकडे आली. उरलेल्या फेऱ्या आम्ही केल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मघाशी त्यांचा फोन आला होता. उद्या येता ना, एवढंच विचारलं.

हो म्हणाले आहे. उद्या पावणेबाराला मोजणी आहे.