तिसऱ्या खांबातला आवाज

ही गोष्ट रचलेली नाही. ऐकून हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. ज्याच्यावर गुदरली, तो निसार मात्र हसत नाही. मागच्या जानेवारीपासून त्यानं निफाडचा रस्ताच सोडलाय.

निसार जुन्या नाशकातला. गाड्यांच्या धडकेनं फुटलेले पूल दुरुस्त करणं हे त्याचं काम. कुठं ट्रकनं कठडा तोडलेला, कुठं कंटेनरनं पुलाची कड घासलेली. अशा जागी फुटक्या काचा, रक्ताचे डाग, एखादी एकटी चप्पल... हे त्याला नेहमीचंच. तो भिणाऱ्यातला नव्हता.

निफाडच्या अलीकडे एक उड्डाणपूल आहे. धुक्यात एक ट्रक त्याच्या तिसऱ्या खांबावर जाऊन आदळला होता. ड्रायव्हर जागीच अडकला आणि गेला. खांबाचा छातीइतक्या उंचीवर मोठा टवका उडाला होता.

तो नीट करायला निसार पोचला, तेव्हा सकाळ झाली होती. पण उजाडलं नव्हतं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि बागांवर दाट धुकं. वरून गाड्या जात होत्या, दिसत एकही नव्हती.

इंजिनिअर योगिनी मॅडम बॅरिकेडपाशी उभ्या होत्या. जोडीदार वाल्मीक लांब जनरेटरशी झटत होता. आणि खांबाजवळ एका दगडावर घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता.

असेल कुणी गावातला, म्हणून निसारनं लक्ष दिलं नाही.

त्यानं हातोडी काढली. आधी खांब वाजवून बघायचा. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं.

टण्... टण्...

खणखणीत.

आणि मग...

ठप... ठप...

आतून.

निसार थांबला.

"वाल्मीक, मागून खांब वाजवू नको रे!"

"मी हितं जनरेटरपाशी हाय, भाऊ!" आवाज धुक्यातून, पार पलीकडून आला.

निसारनं पुन्हा मारली. या वेळी तीनदा.

आतूनही तीनदा.

खांब भरीव होता. आत उंदीर शिरेल एवढीही पोकळी नसते. आणि तो आवाज काँक्रीटचा नव्हताच... पत्र्यावर तळहात मारावा, तसा होता.

निसारनं कान खांबाला लावला.

आधी काहीच नाही. वरच्या गाड्यांचा आवाजही नाही. सगळं एकदम बंद.

मग अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"भाऊ... पत्रा काढा ना."

हातोडी त्याच्या हातातून पडली.

योगिनी मॅडम धावत आल्या. निसारनं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. हातोडी उचलून त्यांनी स्वतः खांब वाजवला. आतून काहीच आलं नाही.

"मला नाही ऐकू आलं काही," त्या म्हणाल्या. मग हातोडी पटकन खाली ठेवली. "पण ही इतकी गार कशी, निसारभाई? आत्ता तर तुमच्या हातात होती."

"काय म्हणला?"

दगडावरचा म्हातारा विचारत होता.

निसारनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचा उजवा हात घोंगडीच्या बाहेर होता. खांबाकडे पुढं केलेला. मूठ अर्धवट मिटलेली... कुणाचा तरी हात धरावा तशी.

तेवढ्यात बागेतून एक बाई चहाची किटली घेऊन आली. चंद्रभागाबाई. म्हातारा तिचा नवरा, गेणू.

"त्यांना काय इचारू नका, दादा," ती निसारला म्हणाली. "त्या दिशी आवाज झाला, अन् हेच आधी पळत आले. पोरगं केबिनमधी चेंगरलेलं. शुद्धीवर व्हतं. आतून पत्रा बडवायचं, काढा म्हणायचं. एक हात तेवढा खिडकीतून भाईर. बाबा, हात सोडू नका, म्हणलं ह्यांना. क्रेन धुक्यात अडकली. ह्यांनी धरून ठेवला. पार गार पडला, तरी सोडीना. मग लोकांनी बोटं उकलून काढली."

तिनं डोळ्याला पदर लावला.

"तवापासून सकाळ झाली की हितं येऊन बसतात. हात काय खाली करीत नाय."

"चला बाबा, घरी चला," असं म्हणत निसारनं तो हात धरून खाली करायला बघितलं.

हात हलला नाही.

म्हाताऱ्यानं ताठ धरला होता म्हणून नव्हे. दुसऱ्या बाजूनं... कुणीतरी ओढत होतं.

निसारनं झटकन सोडला. अंगभर काटा आला. पण पळून जाववेना. म्हाताऱ्याचं तोंड बघवत नव्हतं.

वाल्मीक तर जवळ यायलाच तयार होईना. शेवटी निसारनं बिस्मिल्ला म्हणून छिन्नी लावली. योगिनी मॅडमनी टॉर्च धरला. सुटलेले तुकडे पडत गेले, भेग खोल होत गेली. आणि त्या कडाक्याच्या थंडीत भेगेतून ऊब यायला लागली...

माणसाच्या श्वासासारखी.

आत काहीतरी निळं होतं. ट्रकचा पत्रा. धडकेत तुटून, कागदासारखा दुमडून काँक्रीटमध्ये रुतून बसलेला.

निसारनं पकडीनं तो ओढला. एकदा. दोनदा. तिसऱ्या झटक्याला पत्रा बाहेर आला, आणि खांबातून एक लांब श्वास सुटला. तो योगिनी मॅडमनीही ऐकला.

मागं गेणूबाबांचा हात धपकन मांडीवर पडला.

"सुटला," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. चंद्रभागाबाई त्यांना धरून घरी घेऊन गेली.

पुढचं काम दुसऱ्या टोळीनं केलं. सळया सरळ झाल्या, नवं काँक्रीट भरलं. खांब वाजवून बघितला. आतून पुन्हा काही आलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण पत्रा निघाला त्याच दिवशी परत येताना वाल्मीक पिकअप चालवत होता, निसार शेजारी बसला होता. ऊन पडलं होतं. निसारचा डावा हात गुडघ्यावर होता.

त्या हातात काहीतरी गार शिरलं.

बोटं.

त्यानं हात झटकला. सुटली नाहीत. घट्ट नव्हती धरलेली... जत्रेत पोर बापाचं बोट धरतं, तशी.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. वाल्मीकला नाही, बायकोलाही नाही. जेवण वाढताना नूरबानोचा हात लागला, तेव्हा ती दचकली. "बर्फात हात घालून आलात का?" निसारनं हात मागं घेतला. काही दिवस काहीच जाणवायचं नाही. धुकं पडलं की मात्र...

थंडी सरत आली तेव्हा चंद्रभागाबाईचा फोन आला. नंबर तिनं योगिनी मॅडमकडून घेतला होता.

"दादा, हे आता बरे हायेत. जेवतात, बागेत जातात. तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

गेणूबाबांनी फोन घेतला.

"निसारभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "त्याला झटकत जाऊ नका."

निसारनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

"लय घाबरतो तो."

निसारनं डाव्या हाताची बोटं हळूच मिटून घेतली.